एकटं माणूस असलं तरी

…आणि ऐकणारं माणूस एकटं असलं तरी त्याला हे ऐकवावं.

एवढं बोलून वाचकाने हात खाली घेतला. ढोल वाजला. शिपायांनी गोळा करून आणलेली माणसं कपडे झटकत उठली आणि तोसलीच्या वाटेला लागली. कुणी म्हणालं, घरी म्हैस व्यायला टेकलीय आणि हे इथे धर्म शिकवत बसलेत. कुणी म्हणालं, हळू बोल. राजाचं वाचन चार महिन्यांतून एकदा, तिष्य नक्षत्राच्या दिवशी; तोवर आता सुटका होती.

उप्पली उठली नाही.

ती आली होती भावासाठी भाताचं मडकं घेऊन. वेशीवरच्या शिपायाने अडवलं, "आज तिष्य, आधी राजाचं ऐकायचं, मग कुठे जायचं ते जा," आणि मडक्यासकट तिला खडकाकडे हाकललं. खडकावर राजाचं बोलणं कोरलेलं होतं आणि माथ्यावर हत्ती, अर्धा दगडात, अर्धा बाहेर. राजाच्या माणसांना तो फार पवित्र वाटे. कलिंगाच्या माणसांनी हत्ती पाहिले होते ते लढाईत. बायका खडकाकडे पाठ करून बसत, तशीच तीही बसली होती. शब्द पाठीवर येऊन आदळत होते. पहिले काही तिने झटकून टाकले, जसे डास झटकावेत तसे.

मग एक शब्द आला तो गेला नाही.

कुणालाही विनाकारण बांधून ठेवू नये.

…

भानगड मिठाची होती.

उप्पली आणि तिचा भाऊ दंतिल खाडीकाठी मीठ पिकवत. पिकलेल्या मिठातली पहिली रास राजाची. ती वेगळी घालायची, झापांनी शाकारायची आणि मिठाचा अधिकारी बैलांचा तांडा घेऊन येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. त्या साली ऐन थंडीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, समुद्रावरून वादळ आलं. झापा उडून गेल्या. माणसं पोरंबाळं उचलून उंचवट्यावर पळाली. सकाळी खाली उतरून पाहतात तर राजाच्या राशीच्या जागी ओली वाळू. त्यांची स्वतःची रासही गेली होती, पण तिची चौकशी कोण करतो?

अधिकारी आला. त्याने वाळू पायाने उकरली.

"मीठ कुठंय?"

"समुद्रात," दंतिल म्हणाला.

खरं तेच बोलला होता. पण बोलताना हसला. त्यांच्या घरात सगळ्यांनाच ही खोड होती, नको तिथे हसायची, आणि लढाईनंतर त्या घरात उरले होते दोघंच. उप्पलीचा नवरा नदीकाठी पडला. सासरची माणसं दोरीला बांधून उत्तरेकडे नेली, ती कुठे गेली याचा पत्ता नाही. राहता राहिला हा एक हसरा भाऊ.

अधिकाऱ्याने त्याला तोसलीला नेलं आणि सांगितलं, मीठ सापडेपर्यंत याला बंदिशाळेत ठेवा. तोसलीच्या नगराचा न्याय पाहणारा महामात्र खेमगुत्त दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता. त्याने मान डोलावली.

विरघळलेलं मीठ सापडेपर्यंत.

…

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचक इसिदत्त खडकाखालच्या आपल्या झोपडीपुढे भात रांधत होता. मगधाकडचा माणूस, सडपातळ, लवकर थकणारा. समोर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं.

"वाच," उप्पली म्हणाली.

"काय?"

"कालचं."

"अहो अक्का, ते तिष्याच्या दिवशी असतं. आता चार महिन्यांनी या."

"मधल्या दिवशीसुद्धा, असं म्हणालास ना? एकटं माणूस असलं तरी."

इसिदत्ताच्या हातातली काटकी तशीच राहिली. ते वाक्य तो दर वेळी म्हणायचा, ढोल वाजायच्या आधीचं शेवटचं वाक्य. ते आलं की त्याला बरं वाटायचं, कारण मग घसा मोकळा. कुणी येऊन ते खरं करायला लावील असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"ते आपलं म्हणायचं असतं हो."

"राजा उगाच म्हणतो?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "भात शिजतोय."

"शिजू दे. मला काही घाई नाही."

हे मात्र खोटं होतं.

…

देवांचा लाडका राजा तोसलीच्या महामात्रांना असं सांगतो की

"थांब. हे महामात्रांना सांगितलंय?"

"हो."

"मग आम्हाला का ऐकवता?"

"त्यांना काय सांगितलंय ते तुम्हाला कळावं म्हणून."

भाताला कढ आला, उतू गेला, निखारे फसफसले. "हे बरं केलं त्याने," ती म्हणाली. "पुढे."

सगळी माणसं माझी लेकरं आहेत. स्वतःच्या लेकरांचं या लोकी आणि परलोकी भलं व्हावं असं मला वाटतं, तसंच सगळ्या माणसांचं

"लढाईत मेली तीही?"

इसिदत्ताने काटकीने निखारे सारले.

"नाही, विचारते आपलं. माझा नवरा यात धरलाय का? लढाईचं काही म्हटलंय का यात पुढे?"

"नाही. इथे नाही."

"इथे नाही म्हणजे? दुसरीकडे आहे?"

वाचक पाठांतराचा पक्का होता, खोटं बोलण्याचा कच्चा. "दूर पश्चिमेकडच्या एका खडकावर आहे म्हणतात. कलिंगात जे झालं त्याचं राजाला फार दुःख झालं, मेलेल्यांच्या शंभराव्या भागाएवढी माणसं जरी आता मेली तरी त्याला सोसणार नाही, असं काहीतरी. माझ्याबरोबरच्या एकाने ते तिकडे वाचलंय."

"पश्चिमेकडच्यांना?"

"हो."

"त्यांना काय करायचंय त्याचं?"

उप्पली नदीकडे बघू लागली. नदीला पाणी कमी होतं. मग तिने पदराने नाक पुसलं.

"बरं. इथलं जे आहे ते वाच. ते बांधून ठेवण्याचं."

…

बंदिशाळेच्या मागच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या वर, हवेसाठी भोकं होती. पुढच्या दाराने भात जायचा, तो रखवालदाराने चाखून. मागच्या भिंतीतून बोलणं जायचं.

"दंतिल, ए दंतिल! राजा म्हणतो तू त्याचं लेकरू आहेस."

"मग त्याला म्हणावं लेकराच्या भातात मासा घाल."

"मासा त्याला चालत नाही हल्ली."

"अरे देवा. म्हणजे बाप करूनही उपाशीच."

आत कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, कोण आहे रे? माझी बहीण, दंतिल म्हणाला, राजाचं बोलणं घेऊन येते. मग एका म्हाताऱ्याचा किनरा आवाज भोकाच्या अगदी जवळ आला. "बाई, काय म्हणतो तो पुढे?"

"म्हणतो, कुणाला विनाकारण बांधून ठेवू नये. कुणाचे हाल करू नयेत. महामात्रांनी लक्ष घालावं. आणि त्यांनी मत्सर करू नये, रागावू नये, घाईने निकाल देऊ नये, आळस…"

"ए, निघ तिथून!" रखवालदार पिंगल काठी घेऊन कोपऱ्यावरून आला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. ती सुरुवात करायची, आळसापर्यंत पोचायची आणि पिंगल यायचा. शेवट काय आहे ते आतल्यांना कळत नव्हतं. किनरा आवाज रोज भोकाशी येऊन विचारायचा, "पुढे काय म्हणाला?" आणि पिंगलच्या काठीपुढे पळताना तिला त्याला सांगता यायचं नाही.

…

आणि असं चाललं, की सकाळी उठायचं, भात घालायचा, खाडीवरून चालत यायचं, वेशीवरच्या शिपायाचं "आली बघा राजाची सून" ऐकून घ्यायचं, खडकाशी बसायचं, वाच म्हणायचं, वाचकाने आधी कण्हायचं मग वाचायचं, मडकं घेऊन बंदिशाळेकडे जायचं, भिंतीशी ओरडायचं, पळायचं, महामात्राच्या दाराशी बसायचं, महामात्र नदीपलीकडे गेलेत असं ऐकायचं, महामात्राची पालखी दारातच आहे हे बघायचं, उठायचं, चालत खाडीवर जायचं, एकटीने मिठाच्या आगरात पाणी सोडायचं जे खरं दोघांचं काम, झोपायचं, आणि उठायचं, आणि भात घालायचा.

वाचकाचा आवाज बसला. उप्पलीने त्याला मिरी घातलेला मध आणून दिला. तो चाटताना तो म्हणाला, "अक्का, तुम्हाला आता पाठ झालं असेल की. मनातल्या मनात म्हणा."

"मी म्हटलं तर ते माझं बोलणं. तू म्हटलंस तर राजाचं."

नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना हा रोजचा खेळ झाला. "काय गं उप्पले, वाचकाशी पाट लावतेस की काय?"

"लावला असता गं. पण आवाज गेलाय त्याचा, हो म्हणणार कसा?"

बायका खिदळल्या. इसिदत्त कानापर्यंत तांबडा झाला आणि चुकून एक ओळ गाळून पुढे गेला.

"गाळलंस," उप्पली म्हणाली.

तो मागे गेला.

…

पुढचं जे झालं ते एका घोड्यामुळे.

घोड्यावर एक नायक होता, शिपायांवरचा. त्याला जायची घाई होती. वाट खडकाजवळून जात होती आणि इसिदत्ताने नुकतीच सुरुवात केली होती. नायकाने लगाम खेचला, खाली उतरला, डोक्याचं फडकं काढलं, हात जोडून उभा राहिला. वाचन चाललं. नायकाच्या मानेवर माशी बसली. त्याने ती उडवली नाही. घोड्याने त्याच्या खांद्याचं वस्त्र चावायला घेतलं. त्याने तेही सोडवलं नाही. शेवटचं वाक्य झालं तसा त्याने घोड्याच्या तोंडातून वस्त्र ओढून काढलं, एक सणसणीत शिवी दिली आणि गेला.

"असा का उभा राहिला तो?" उप्पलीने विचारलं.

"राजाचं बोलणं सुरू झालं की त्याचा भात खाणाऱ्याने उभं राहायचं. संपेपर्यंत हलायचं नाही, मध्ये बोलायचं नाही."

"मी तर बोलते."

"तुम्ही कुठे त्याचा भात खाता? तुम्हा लोकांसाठी काही नेमच केलेला नाही."

"महामात्रालासुद्धा उभं राहावं लागतं?"

"महामात्राला तर सगळ्यांच्या आधी. म्हणून तर ते तिष्याच्या दिवशी नेमके नदीपलीकडे असतात. त्यांचे पाय सुजतात."

उप्पली हसली. नको तिथे हसायची खोड होती तिला, पण या वेळी हसू योग्य जागी आलं होतं. ती उठली आणि मडकं तिथेच विसरून महामात्राच्या घराकडे चालू लागली. मग परत आली, मडकं घेतलं आणि इसिदत्तालाही दंडाला धरून उठवलं.

"मी कशाला?"

"चल रे. आवाज तुझाच लागणार आहे."

…

खेमगुत्त त्या दिवशी खरोखर ओसरीवर सापडला. पाय कोमट पाण्याच्या घंगाळात होते. वाईट माणूस नव्हता तो. लढाईनंतर बसवलेल्या महामात्रांत सगळ्यात कमी ओरडणारा म्हणून तो ओळखला जाई. त्याला फक्त शांतता हवी असे, आणि बंदिशाळेतली माणसं फार शांत असत.

"तूच का ती?" तो म्हणाला. "रोज वाचून घेतेस म्हणे. चांगलं आहे. कलिंगात धर्माची इतकी गोडी लागलेली पाहून राजाला आनंद होईल."

"आर्य, कुणालाही ऐकता येतं ना?"

"कुणालाही."

"एकट्याला?"

"अगं हो, एकट्याला. तेच तर मोठेपण आहे."

"मग माझ्या भावाला वाचून दाखवा. दंतिलला. त्याने ऐकलेलं नाही."

"कुठे असतो तो?"

"तुमच्याकडेच. बंदिशाळेत."

खेमगुत्ताने एक पाय पाण्यातून वर काढला आणि परत ठेवला. "बंदिवानाला कोण वाचून दाखवतं?"

"माणूसच आहे तो, आर्य."

महामात्र वाचकाकडे वळला. "बंदिवान सोडून, असं काही आहे का रे त्यात? नीट आठव."

नीट आठव हे ज्या सुरात आलं ते इसिदत्ताला कळलं. एक शब्द घातला असता तर कुणाला समजणार होतं?

"नाही, आर्य. माणूस, एवढंच आहे."

खेमगुत्ताच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं: बंदिशाळेचं अंगण, ऊन, हा घसा बसलेला मगधी, आणि मधे आपण, हात जोडून, सुजल्या पायांवर, आणि भोवती सगळे बांधलेले लोक कान देऊन ऐकतायत की विनाकारण कुणाला बांधून ठेवू नये.

"काय केलंय तुझ्या भावाने?"

"राजाचं मीठ वादळात गेलं."

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

"एवढ्यासाठी?" महामात्राला खरंच नवल वाटलं. मान आपणच डोलावली होती याची त्याला आठवणही नव्हती. "सोडला. आत्ता, या पावली. झालं समाधान? पण एक ऐक. हे रोजचं वाचन आता बंद. बंदिशाळेत नाही आणि खडकावरही नाही. तिष्याला ये, चार लोकांत बस, ऐक, घरी जा. कबूल?"

"कबूल," उप्पली म्हणाली.

एका श्वासात म्हणाली. इसिदत्ताने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. तिने भावासाठी सुरुवात केली होती आणि भाऊ मिळत होता. यात कुणाला काय बोलायचं असेल ते बोलू दे.

…

दार उघडलं.

दंतिल बाहेर आला तो भिंतीला धरून. घोट्यांवर बेड्यांच्या जागी काळी कडी पडली होती, त्यातून पाणी येत होतं. दाढीत भाताची शितं. एवढ्या उजेडाची सवय नसल्याने त्याने डोळे मिटले, मग एक उघडला.

"वाळलीस गं," तो म्हणाला.

"तू काय लठ्ठ झालास होय? चल घरी."

"वाचक हा का?" दंतिलने इसिदत्ताकडे बोट केलं. "आवाजावरून मला वाटलं होतं मोठा धिप्पाड असेल. तू याच्या आवाजाची नक्कल करायचीस ना. बरं, वाच म्हणावं."

"वाचन नाही. सुटलास तू. चल."

"आतल्यांनी नाही ऐकलं अजून."

"दंतिल."

"मी त्यांना म्हटलंय, माझी बहीण एक दिवस वाचकालाच घेऊन येईल. तो म्हातारा, माहितेय ना तुला, तो काल रात्री मला म्हणाला, शेवट ऐकल्याशिवाय काही मी मरत नाही." आणि तो खाली बसला. बंदिशाळेच्या उंबऱ्यावरच, पाय पसरून, दार लावता येणार नाही असा.

"ऊठ, मेल्या!"

"पाय दुखतायत."

खेमगुत्त पालखीतून उतरला होता. हे प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत संपवून परत पाय बुडवायचे, एवढाच त्याचा बेत होता. "काय चाललंय? बाई, तू कबूल केलंस. हा उठत नसेल तर मी याला परत आत घालतो. पिंगल!"

पिंगल काठी घेऊन पुढे आला, पण दंतिलला ओलांडल्याशिवाय त्याला दारही लावता येईना.

उप्पलीने भावाच्या काखेत हात घातला. हलका झाला होता तो. उचलून पाठीवर घेतला असता तरी खाडीपर्यंत नेला असता तिने. आगराची पाणी अडवायची फळी मोडली होती, ती एकटीने बसत नव्हती. चुलीपाशी त्याची जागा तशीच रिकामी होती. रोज ती दोन माणसांचं रांधायची आणि एकाचं मडक्यात घालून एवढी वाट चालायची. उद्यापासून चालायचं नव्हतं.

आतून, अंधारातून, किनरा आवाज आला. भिंतीतून यायचा तसाच, पण आता भिंत मध्ये नव्हती.

"बाई, आलीस का? पुढे काय म्हणाला?"

तो तिचा कुणी लागत नव्हता. त्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं.

तिने दंतिलच्या काखेतला हात काढला. मडकं खाली ठेवलं. त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली, दोघांनी मिळून दार अडवलं.

"वाच, दादा," ती इसिदत्ताला म्हणाली.

"अट होती!" खेमगुत्त ओरडला. कधी न ओरडणारा माणूस, आवाज चिरकला त्याचा.

"होती. मोडली मी. धरा मला. पण धरताना कशासाठी धरलं ते मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. राजाचं बोलणं ऐकलं म्हणून?"

रस्त्यावर माणसं थांबायला लागली होती. नदीवरच्या बायका ओली धुणी खांद्यावर टाकून आल्या होत्या. इसिदत्त मध्येच उभा होता. घर मगधात, पोट राजाच्या भातावर, घसा फाटलेला. त्याने महामात्राकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित वाचलं नसतं.

देवांचा लाडका राजा

पिंगलने काठी टाकली आणि हात जोडले. शिपाई ताठ झाले. भोई पालखीशी उभे राहिले. आणि सगळ्यांत शेवटी, आधी उजवा मग डावा असा एकेक पाय नीट टेकवत, खेमगुत्त उभा राहिला.

तोसलीच्या महामात्रांना असं सांगतो की सगळी माणसं

"जरा मोठ्याने," आतून कुणीतरी म्हणालं.

सगळी माणसं माझी लेकरं आहेत

आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. विनाकारण बांधून ठेवू नये हे आलं तेव्हा आत बेड्यासुद्धा वाजल्या नाहीत. मत्सर आला, राग आला, घाई आली. मग आळस आला, आणि या वेळी काठी घेऊन कुणी आलं नाही, आणि आळसाच्या पुढे थकवा होता. महामात्राने थकूनही न्याय चुकवू नये. जो थकला तो उठू शकत नाही, आणि राजाच्या कामात उठावं लागतं, हलावं लागतं, चालावं लागतं. खेमगुत्त सुजल्या पायांवर तसाच उभा होता. मग शेवट आला, एकटं माणूस असलं तरी, आणि ढोल नसल्यामुळे कुणाला कळेना की संपलं.

"एवढंच?" किनरा आवाज म्हणाला.

"एवढंच, आजोबा," उप्पली म्हणाली.

आत कुजबूज झाली. मग दुसराच कुणी बोलला, तरुण वाटला. "मला नीट ऐकू आलं नाही. मी पार कोपऱ्यात आहे. माझ्यासाठी परत वाच म्हणावं."

"माझ्यासाठीपण," आणखी एक. "मी बहिरा आहे थोडा."

"मला भाषा कळत नाही नीट. सावकाश वाच."

नदीवरच्या बायकांतून खुसखुस ऐकू आली. इसिदत्ताने तोंड उघडलं. खेमगुत्ताने त्याआधीच हात वर केला. दोन वाचनांच्या मध्ये जेवढी फट होती तेवढ्यात बोलून घ्यायला हवं हे त्याला कळलं होतं.

"थांब. थांब रे, तुझ्या पाया पडतो. पिंगल, आत किती जण आहेत?"

"बरेच आहेत, आर्य."

"कशासाठी?"

पिंगलने डोकं खाजवलं. "ज्याने त्याने आणून दिले, मी ठेवून घेतले."

"एकेकाला बाहेर घे. विचार प्रत्येकाला, काय केलंस म्हणून. इथे, माझ्यासमोर." मग हळू आवाजात, "आणि मला बसायला काहीतरी आण."

पिंगल दंतिलला वळसा घालून आत गेला. पहिला बाहेर आला तो किनऱ्या आवाजाचा म्हातारा, बुटका, एका डोळ्यात फूल पडलेला. त्याचे हात अजून बांधलेले होते.

"काय केलंस?" खेमगुत्ताने विचारलं.

"मला काय माहीत?" म्हातारा म्हणाला. "मी तर समजत होतो ते तुम्हाला ठाऊक असेल."

कुणी हसलं नाही. उप्पलीलाही हसू आलं नाही. ती म्हाताऱ्याच्या हाताची गाठ सोडवायला लागली. दोरी जुनी होती, घामाने आणि मळाने घट्ट बसलेली, नखं लागत नव्हती. तिने दात लावले.

"आर्य, पुढच्याला आणू?" पिंगलने दारातून विचारलं.

दंतिल पाय आखडून बाजूला सरकला, उंबऱ्यावर म्हाताऱ्याला जागा करून दिली.